आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) पाच वर्षांपासून अडकलेलं, ईएडी कपाटात: स्वतःचा धंदा सुरू करावा का?

उष्माभार

मंडळी, माझ्याकडे २०२१ पासून एक कार्ड आहे (ईएडी, म्हणजे ग्रीन कार्डाचा अर्ज अडकलेला असताना मिळणारा कामाचा परवाना) आणि ते मी आजवर एकदाही वापरलेलं नाही. प्रश्न त्याच कार्डाचा आहे.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला राहतो. शाळा, दवाखाने, ऑफिसं यांच्या एसीची डिझाइनं करणाऱ्या एका मध्यम कंपनीत २०१३ पासून आहे, एच-१बी वर (कंपनीने काढलेला, तिच्याकडेच काम करण्याचा व्हिसा). प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली माझी तारीख, ऑगस्ट २०१४. ऑक्टोबर २०२० च्या व्हिसा बुलेटिनमध्ये (रांग कुठवर आली ते सांगणारं सरकारचं मासिक पत्रक) ईबी-३ ची, म्हणजे नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाच्या तिसऱ्या वर्गाची, अर्ज भरण्याची तारीख एकदम १ जानेवारी २०१५ वर आली, तेव्हा आपल्यातल्या हजारोंनी केलं तेच मी केलं. ईबी-२ मधून एक पायरी खाली उतरलो आणि आय-४८५ भरून टाकला. माझा, बायकोचा, मुलीचा. तेव्हा वाटलं होतं, वर्षभराचा मामला. मग तारखा मागे गेल्या आणि २०२५ च्या शेवटीही २०१३ च्या आसपासच घुटमळत होत्या.

ईएडी २०२१ मध्ये आलं. नूतनीकरणाचं कार्ड २०२४ च्या सुरुवातीला हातात पडलं, ते नशिबाने पाच वर्षांचं निघालं. म्हणजे २०२९ पर्यंत चिंता नाही. पण मी एच-१बी वरच काम करत राहिलो, कारण सगळे म्हणाले एच-१बी सोडू नकोस. कार्ड पासपोर्टांच्या पाकिटात पडून आहे.

आता धंद्याचं. मध्यंतरी शेजाऱ्याने बोलावलं. नवं घर, २,४०० चौरस फूट, नवाकोरा ५ टनाचा एसी, तरी घरात दमट वास आणि चादरी ओलसर. मी एका रविवारी बसून खोलीनिहाय मॅन्युअल जे केलं (उष्माभाराचं, म्हणजे घराला किती उष्णता लागते आणि किती बाहेर काढावी लागते त्याचं गणित, नव्या घराच्या परवान्यासाठी शहरं हेच मागतात). उत्तर आलं साडेतीन टनांच्या आतबाहेर. कंत्राटदाराने ५०० चौरस फुटांना एक टन हा वडिलोपार्जित ठोकताळा लावला होता. एसी गरजेपेक्षा मोठा असला की पाच-सात मिनिटांत हवा गार करून बंद पडतो. हवेतलं पाणी खेचायला त्याला वेळच मिळत नाही. घर गार होतं, कोरडं होत नाही.

शेजाऱ्याने माझा कागद त्या कंत्राटदाराच्या तोंडावर मारला असणार, कारण आठवड्याने त्याचाच फोन आला. मला वाटलं भांडायला. तो म्हणाला, ही गणितं तू मला करून देशील का? महिन्याला दहा-बारा घरं, घरामागे २५० डॉलर. त्याचे आणखी दोन मित्र आहेत, त्यांनाही हवंय.

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. तीन आठवडे झाले.

एक, नोकरी एच-१बी वर ठेवून हे काम ईएडीवर संध्याकाळी करता येईल का? दोन, उद्या हे वाढलं आणि नोकरी सोडली तर ग्रीन कार्डाचं काय होईल? ते तर कंपनीच्या नावावर चाललंय. तीन, एलएलसी (मर्यादित जबाबदारीची छोटी कंपनी) आत्ता काढावी की कार्ड येईपर्यंत थांबावं? मी आता ४४ वर्षांचा आहे. "कार्ड आलं की बघू" हे वाक्य मी चौतिसाव्या वर्षापासून म्हणतोय.

बायकोचं म्हणणं, तुला सल्ला नकोय, कुणीतरी "कर" म्हणायला हवंय. असेलही. पण आधी सल्ला द्या.

खिडकीपाशी

रुमाल टाकून ठेवतो. माझी अवस्था तीच, फरक एवढाच की माझी प्रायॉरिटी डेट २०१७ ची आहे, त्यामुळे आय-४८५ भरताच आलं नाही. नुसतं आय-१४० (त्याआधीच्या पायरीचा, कंपनीने माझ्यासाठी भरलेला अर्ज) मंजूर आहे. एच-१बी वर मीही एलएलसी काढून ठेवू शकतो का? नुसती काढून ठेवायची, काम नंतर.

पाटीकोरी

उष्माभार, तुमच्या तीन प्रश्नांपैकी दोन मी जगलोय. मी डेटाबेसवाला. आय-४८५ अडकलेलं असताना नोकरी सोडली, स्वतःची एकखांबी कंपनी काढली आणि त्याच कंपनीच्या जोरावर मला ग्रीन कार्ड मिळालं. म्हणून जरा लांब लिहितो.

आधी ईएडी. तुमच्या कार्डावर सी०९ असा प्रकार लिहिलेला असेल. ते कार्ड कुठल्या कंपनीला, कुठल्या कामाला बांधलेलं नसतं. गणितं करा, टॅक्सी चालवा, स्वतःचं दुकान टाका. त्यामुळे तुम्ही संध्याकाळी हे काम केलंत तर ते बेकायदा ठरत नाही, इथवर कुणाचं दुमत नाही.

दुमत पुढे सुरू होतं. ईएडीवर दुसरं काम केलं की एच-१बी शाबूत राहतं का? माझा वकील म्हणाला, नाही धरायचं. एच-१बी म्हणजे फक्त त्या मालकाकडे, त्या कामावर. बाहेर हात मारलात की तुम्ही इथे "अर्ज प्रलंबित आहे म्हणून राहणारे" झालात. एका मित्राच्या वकिलाने त्याला उलट सांगितलं. मी ज्याचं मत जास्त भीतीदायक होतं ते धरून चाललो. त्याचा अर्थ असा, की उद्या काही कारणाने आय-४८५ नाकारलं गेलं तर खाली धरायला एच-१बी असेलच असं समजू नका. आणि देशाबाहेर जाण्याआधी अ‍ॅडव्हान्स पॅरोल (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) हातात असू द्या. एच-१बी गेलेलं असताना पॅरोलशिवाय बाहेर पडलात तर आय-४८५ सोडून दिलं असं धरतात.

मग तुम्ही विचाराल, ही जोखीम घ्यायची कशाला? तर आय-४८५ नाकारलं जाण्याची तुमची कारणं कोणती ते बघा. कागद स्वच्छ आहेत, आय-१४० मंजूर आहे, कंपनी जिवंत आहे. मग जाळं फाटेल म्हणून तारेवर चढायचंच नाही, असं पाच वर्षं करत बसणं हेही एक प्रकारचं नुकसानच. मी तरी तसं बघितलं.

आता खरी गंमत. ग्रीन कार्ड हे भविष्यातल्या नोकरीसाठी असतं. तुमची कंपनी म्हणतेय, कार्ड मिळालं की आम्ही याला या कामावर ठेवू. ते वचन जोवर खरं आहे आणि तुमचाही तसाच इरादा आहे, तोवर संध्याकाळी तुम्ही काय करता याचा त्या वचनाशी संबंध नाही. म्हणजे पहिल्या प्रश्नात तुमच्या धंद्याचं काम नोकरीसारखंच असलं पाहिजे असं बंधन नाही.

दुसऱ्या प्रश्नात मात्र आहे. आय-४८५ भरून १८० दिवस झाले की नोकरी बदलता येते, पण नवं काम "तेच किंवा तशाच प्रकारचं" हवं. आणि नवा मालक तुम्ही स्वतःही असू शकता. अनेकांना हे खरं वाटत नाही. वकिलालाही एकदा विचारून बघा, हा नियम जुना आहे. २००५ सालच्या अंतर्गत सूचनेत होता आणि यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याच्या धोरणपुस्तिकेत आजही आहे. अट इतकीच की धंदा खरा हवा. नव्या कामाची माहिती देणारा सप्लिमेंट जे नावाचा फॉर्म भरावा लागतो.

माझ्याकडे त्यांनी पुरावे मागितले होते. मी काय पाठवलं? दोन गिऱ्हाइकांचे करार, अठरा महिन्यांची बिलं, धंद्याच्या खात्याचे उतारे, कर विवरणपत्रं आणि माझ्या रोजच्या कामाचं दीड पानी वर्णन. ते वर्णन लिहिताना मी मूळ लेबर सर्टिफिकेशन (ग्रीन कार्डाच्या पहिल्या पायरीचा कागद, त्यात कामाचं वर्णन असतं) शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघितली. कंपनी काढल्यावर आपण एकाच वेळी विक्रेता, हिशेबनीस, शिपाई सगळं होतो. कागदावर मात्र मुख्य काम डेटाबेसचंच दिसलं पाहिजे. खोटं लिहू नका. धंदाच तसा आखा.

जुन्या कंपनीशी भांडून निघू नका, हेही सांगतो. तसं आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले की मालकाने मागे घेतलं म्हणून ते मरत नाही. २०१७ च्या नियमात ते स्पष्ट झालंय. पण चांगुलपणाने निघालात तर जुने कागद मागायला फोन करता येतो. मी केला होता, दोनदा.

पोळलेला

@खिडकीपाशी, तुमच्यासाठी लिहितोय, कारण "नुसती काढून ठेवायची, काम नंतर" हे माझंच वाक्य आहे, २०१८ सालचं.

एच-१बी वर कंपनीची मालकी असणं चालतं. शेअर घेता येतात, एलएलसी नोंदवता येते. तिच्यात काम करणं चालत नाही. आणि एकट्या माणसाच्या एलएलसीत काम करणारा दुसरा असतो कोण? संकेतस्थळ बनवणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, बिल पाठवणं, हे सगळं कामच. पगार घेतला नाही म्हणून ते काम नव्हतं असं होत नाही.

मी एका ओळखीच्या सलूनसाठी वेळ ठरवण्याचं सॉफ्टवेअर केलं. फक्त शनिवारी काम. महिन्याला ४०० डॉलर, सात महिने. वर्षअखेर १०९९ (बाहेरच्या कमाईचा फॉर्म) आला, मी इमानदारीत शेड्यूल सी (विवरणपत्रातलं धंद्याच्या नफ्याचं पान) भरलं, कर भरला आणि विसरलो. ऑक्टोबर २०२० मध्ये आय-४८५ भरायची वेळ आली आणि वकीलबाईंनी मागच्या वर्षांची विवरणपत्रं मागितली. त्यांनी शेड्यूल सी वर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय?

त्यांनी मला जे शिकवलं ते असं. नोकरीवर आधारित अर्जात परवानगीशिवाय केलेलं काम १८० दिवसांपर्यंत पोटात घेतलं जातं, २४५(के) नावाचं कलम आहे. मी खूश झालो, म्हटलं सात महिन्यांचे शनिवार म्हणजे तीस दिवस. बाई म्हणाल्या, शनिवार मोजत नाहीत. काम सुरू झाल्यापासून थांबेपर्यंतचा प्रत्येक दिवस मोजतात, दिवसाला एक तास केलंत की आठ याला महत्त्व नाही. म्हणजे दोनशेच्या वर. गेलो असतो कामातून.

वाचलो ते केवळ योगायोगाने. मोजणी शेवटच्या कायदेशीर प्रवेशापासून होते. मी काम मार्च २०१९ मध्ये थांबवलं होतं आणि त्यानंतर डिसेंबरमध्ये देशाबाहेर जाऊन रीतसर एच-१बी वर परत आलो होतो. त्यामुळे आकडा शून्य झाला. तरीही आय-४८५ मध्ये "परवानगीशिवाय कधी काम केलंय का" हा प्रश्न असतो, तिथे "हो" लिहून सोबत खुलासा जोडावा लागला. सोळाशे डॉलर वकिलाचे. सलूनकडून मिळाले अठ्ठावीसशे.

तुम्हाला खरंच घाई असेल तर एक रस्ता आहे. १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नियमानुसार स्वतःच्या कंपनीत अर्ध्याहून जास्त मालकी असलेल्या माणसासाठीही ती कंपनी एच-१बी मागू शकते. पहिली मंजुरी आणि पहिली मुदतवाढ, दोन्ही जास्तीत जास्त अठरा-अठरा महिन्यांच्या. पण त्यासाठी कंपनीकडे पगार द्यायला पैसे आणि तुमच्या दर्जाचं खरं काम दोन्ही लागतं. घरच्या टेबलावरच्या कंपनीला ते जमणं अवघड आहे.

खिडकीपाशी

धन्यवाद, पोळलेला. एलएलसीचा फॉर्म अर्धा भरून ठेवला होता. बंद केला.

खतावणी

उष्माभारदादा, मी जमाखर्चाचं काम करते, एच-४ ईएडीवर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा कामाचा परवाना), स्वतःच्या एलएलसीतून. कर आणि कार्ड या दोनच गोष्टींवर बोलते, बाकी वकिलाचं.

टेक्सासमध्ये एलएलसी काढायला फॉर्म २०५ आणि ३०० डॉलर. राज्याचा वैयक्तिक आयकर नाही. कंपन्यांवरचा फ्रँचायझी टॅक्स आहे, पण त्याची उंबरठ्याची रक्कम वीस लाख डॉलरच्याही वर आहे, तुमच्या घरांच्या गणितांना तिथे पोचायला जन्म लागेल. तरी दरवर्षी १५ मेपर्यंत माहितीपत्रक भरावंच लागतं. बरेच जण "कर नाही ना" म्हणून विसरतात. ईआयएन (धंद्याचा कर-क्रमांक) आयआरएसच्या, म्हणजे केंद्रीय कर खात्याच्या, साइटवर फुकट मिळतो. गुगलमध्ये शोधलंत तर वरच्या दोन-चार साइट त्यासाठी शंभर-दोनशे डॉलर मागतील, त्या आयआरएस नव्हेत. कंपनी नोंदवल्यावर महिन्याभरात सरकारी दिसणारी पत्रंही येतात, "अमुक अहवाल भरला नाही, इतके डॉलर पाठवा". त्यातला मालकी जाहीर करण्याचा बीओआय अहवाल इथल्या कंपन्यांना मार्च २०२५ पासून लागतच नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाने त्या नावाखाली पैसे भरले होते.

नफ्यावर आयकराखेरीज स्वयंरोजगार कर, १५.३ टक्के. त्यातला १२.४ टक्क्यांचा भाग सोशल सिक्युरिटीचा, तो नोकरीचा पगार धरून एका मर्यादेपर्यंतच लागतो (२०२५ साठी १,७६,१०० डॉलर). तिमाही कर भरायच्या तारखा १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ जानेवारी. मी नोकरीवाल्यांना सांगते, तारखा लक्षात ठेवण्यापेक्षा नोकरीतला डब्ल्यू-४ (पगारातून किती कर कापायचा ते सांगणारा फॉर्म) बदला आणि पगारातूनच जास्त कापून घ्या. आयआरएसला पैसे कुठून आले याच्याशी मतलब नसतो.

कर्जाच्या भरवशावर बेत करू नका. एसबीएची (लघुउद्योगांसाठीची सरकारी संस्था) हमी असलेलं कर्ज मार्च २०२६ पासून कंपनीत नागरिक नसलेला एक मालक असला तरी मिळत नाही, त्याच्याकडे ग्रीन कार्ड असलं तरीही.

आणि कार्ड. तुमचं २०२९ पर्यंतचं आहे हे वाचून हेवा वाटला. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर नूतनीकरणाचा अर्ज केला तर जुन्या कार्डाला आपोआप मिळणारी ५४० दिवसांची मुदत बंद झाली. माझा अर्ज नोव्हेंबरमध्ये गेला. जानेवारीत जुनं कार्ड संपलं, नवं मार्चमध्ये आलं. मधले सात आठवडे माझी एलएलसी होती, बँकेत खातं होतं, गिऱ्हाइकं होती आणि मला त्यांच्या ईमेलला उत्तर देता येत नव्हतं. नेमका कर भरण्याचा हंगाम. अकरा गिऱ्हाइकांपैकी चार दुसरीकडे गेली. त्यांचं चुकलं असं म्हणणार नाही, फेब्रुवारीत हिशेबनीस गायब झाला तर मीही गेले असते.

तुमच्या सी०९ वाल्यांना डिसेंबर २०२५ पासून नवं कार्ड पाच वर्षांऐवजी दीड वर्षाचंच मिळतं. म्हणजे २०२९ नंतर तुम्हीही आमच्या रांगेत. अर्ज १८० दिवस आधी करता येतो, त्या दिवसाची खूण आत्ताच कॅलेंडरात करून ठेवा. आणि माझ्यासारखा एकटीवर धंदा उभा करू नका. अडीच महिने तुमच्याशिवाय बिलं जातील अशी एखादी व्यक्ती, जिला कामाची परवानगी आहे, हाताशी ठेवा.

उष्माभार

खतावणीताई, १८० दिवसांची खूण केली. अलार्मला नाव तुमचंच दिलंय.

पाटीकोरी, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, झालं, मिळाला का "कर" म्हणणारा? पण "तेच किंवा तशाच प्रकारचं" यावर मी निर्धास्त आहे. नोकरीतही उष्माभार काढतो, धंद्यातही तोच काढणार. याहून सारखं काय असणार? कंपनीचं नावही मनात ठरलंय, आडनावापुढे "इंजिनिअरिंग".

वाळूचाघड्याळ

थांबा. ते नाव नोंदवू नका.

मी ह्यूस्टनमध्ये स्ट्रक्चरलवाला, पीई (राज्याचा परवाना असलेला इंजिनिअर) आहे. तुम्ही पीई आहात का? प्रश्नात कुठे दिसलं नाही म्हणून विचारतो.

उष्माभार

नाही. एफई (त्याआधीची परीक्षा) झालीय २०१६ मध्ये, पीई राहून गेली. कंपनीत शिक्का मारणारे दोन पीई आहेत, माझी ड्रॉइंग त्यांच्याच सहीने जातात.

वाळूचाघड्याळ

मग तुमचा घोळ इमिग्रेशनचा नाही, टेक्सासचा आहे. आणि फिरून तो इमिग्रेशनचाच होतो.

टेक्सासमध्ये परवाना नसताना स्वतःला लोकांसमोर इंजिनिअर म्हणवून सेवा विकता येत नाही, कंपनीच्या नावात "इंजिनिअरिंग" घालता येत नाही. लोकांना इंजिनिअरिंगची सेवा देणारी फर्म राज्याच्या इंजिनिअर बोर्डाकडे नोंदवावी लागते आणि तिच्यात पूर्णवेळ पीई असावा लागतो. नोकरीत तुम्ही इंजिनिअर आहात कारण तुमच्या डोक्यावर कुणाची तरी सही आहे. घरी टेबलावर ती सही नाही.

घराचं मॅन्युअल जे हे इंजिनिअरिंग धरायचं की नाही, हा वेगळा प्रश्न. एसी बसवणारे परवानाधारक कंत्राटदार ते स्वतः करतात, त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर आहे, पीईचा शिक्का सहसा कुणी मागत नाही. पण बाहेरचा माणूस पैसे घेऊन करून देतो तेव्हा काय, हे माझ्या शब्दावर जाऊ नका. बोर्डाला लेखी विचारा.

समजा बोर्ड म्हणालं, हे इंजिनिअरिंग नाही, खुशाल करा. संध्याकाळच्या धंद्यासाठी उत्तम. पण मग उद्या नोकरी सोडून याच धंद्यावर सप्लिमेंट जे भरायला जाल, तेव्हा तुम्हाला यूएससीआयएसला सांगावं लागेल की हे मेकॅनिकल इंजिनिअरचं काम आहे. राज्याला सांगितलेलं की इंजिनिअरिंग नाही, संघराज्याला सांगायचं की आहे. दोन्ही कागद तुमच्याच सहीचे. अधिकाऱ्याने तंत्रज्ञाचं काम म्हटलं तर काय उत्तर देणार?

पाटीकोरी

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डेटाबेसवाल्याला कुठलंच राज्य परवाना विचारत नाही. वाळूचाघड्याळ म्हणतात ते बरोबर आहे. उष्माभार, नोकरी सोडण्याबद्दल मी वर जे लिहिलं ते तुमच्या बाबतीत पीई मिळेपर्यंत बाजूला ठेवा.

पोळलेला

आणि कंपनीच्या ऑफर लेटरमध्ये बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते बघा. इमिग्रेशनने परवानगी दिली म्हणजे मालकाने दिली असं नाही. नोकरी गेली तर वचनही गेलं.

उष्माभार

दोन आठवड्यांनी लिहितोय.

ऑफर लेटर शोधलं. २०१३ चं, पिवळं पडलेलं. त्यात बाहेरच्या कामासाठी लेखी संमती हवी असं स्पष्ट लिहिलंय. बारा वर्षांत मी ते दुसऱ्यांदा वाचलं. साहेबांना भेटलो. वाटलं होतं भुवया उंचावतील. ते म्हणाले, आपण घरांची कामं घेत नाही, आपल्या गिऱ्हाइकांना हात लावू नकोस, कंपनीचं सॉफ्टवेअर वापरू नकोस, ईमेलवर लिहून दे. लिहून दिलं, उत्तर आलं. सॉफ्टवेअरचा परवाना आता स्वतःच्या पैशाने घ्यावा लागेल, ते २५० च्या हिशेबात धरलं नव्हतं. दर ३०० सांगितला. कंत्राटदार कुरकुरला, मग म्हणाला ठीक.

वकिलांशी अर्धा तास बोललो. एच-१बी बद्दल त्यांचं मत पाटीकोरींच्या वकिलासारखंच, भीतीदायक. कंपनी एच-१बी ची मुदतवाढ करत राहील, पण त्याच्या भरवशावर राहू नका, अ‍ॅडव्हान्स पॅरोल काढा, असं म्हणाले. अर्ज केलाय. तो येईपर्यंत कुणीही देशाबाहेर जायचं नाही असं घरात ठरलं, मुलीचा सहलीचा बेत त्यात गेला आणि दोन दिवस अबोला झाला.

नोकरी सोडायचा विचार तूर्त बंद. पीईची परीक्षा आधी. मेकॅनिकलमध्ये एचव्हीएसीचा (हीटिंग आणि एसीचा) वेगळा पेपर आहे, म्हणजे रोजचंच काम. पदवी इथली नसल्यामुळे मूल्यांकन करून घ्यावं लागणार, विद्यापीठाकडून गुणपत्रिका मागवल्यात. वाळूचाघड्याळ, तीन पीईंची शिफारस लागते असं दिसतंय. ऑफिसातले दोघे देतील, तिसऱ्यासाठी तुम्हाला व्यक्तिगत निरोप टाकलाय. माझं काम बघितल्याशिवाय देऊ नका, दहा-बारा प्रकल्पांची गणितं पाठवतो.

बोर्डाला ईमेल केलाय. मी नेमकं काय करणार, अहवालावर कुणाचं नाव असणार, शिक्का नसणार, हे सगळं लिहिलं. उत्तर अजून नाही. एलएलसी नोंदवली, नाव साधं: आडनावही नाही, नुसतं "लोड कॅल्क्युलेशन्स" आणि आमच्या गल्लीचं नाव. खातं उघडताना बँकेतल्या मुलीने ओळखपत्र मागितलं तेव्हा ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर ईएडीही काढून दिलं. तिने एक प्रत काढली आणि परत केलं.

पहिलं घर ठरलंय. १,९०० चौरस फूट, दिवाणखान्याला पश्चिमेकडे सगळी काच. कंत्राटदाराने चार टन लिहून ठेवलेत. मला खात्री आहे की तीन लागतील, पण ती पश्चिमेची काच मोजल्याशिवाय सांगत नाही. बोर्डाचं उत्तर येईपर्यंत फीत गाडीत ठेवलीय.